एस्बिएर्गला भरलेली ओटी

हॅमिल्टन, न्यूझीलंड,
२१ मे २०१७

प्रिय सुलभा,

काल फोनवर "डेन्मार्क सांग, नितीश सांगू नकोस" म्हणालीस आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास, म्हणून लिहिते आहे. ऑकलंडला, बॉटनीतल्या तुझ्या घरी येऊन बोलले असते, पण तू चहा टाकायला उठशील आणि विषय बदलशील.

तर डेन्मार्क. आम्ही नवरा-बायको पश्चिम किनाऱ्यावर होतो. इथे पानगळ, तिथे नुकती पालवी. रीबे नावाच्या जुन्या गावात नदीकाठी एक खांब आहे, कुठल्या पुरात पाणी कुठवर चढलं ते त्यावर कोरलंय. प्रकाश सगळं वाचत बसला, मी पुढे निघाले. एकाही म्युझियममध्ये माझं चित्त लागलं नाही. प्रकाश म्हणाला, "तिकीट काढून तू बाहेर पडायचं दारच शोधतेस." तुझा मुलगा तासाभरावर आणि त्याला भेटायचं नाही, असं तुला कबूल करून आले होते. लक्ष कुठून लागणार?

पण फानो बेटाची बोट एस्बिएर्गहूनच सुटते, आणि समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामासाठी नितीश राहतो तिथेच. बेटावरून परतलो तर नितीश धक्क्यावर उभा. प्रकाशने परस्पर कळवलं होतं. मी बोटीवरच थांबले, तर म्हणतो, "मावशी, उतर आता, नाहीतर परत फानो!" त्याच्या मागे मेटे होती, तो जिच्यासोबत राहतो ती. रेनकोटची बटणं लागत नव्हती. सुलभा, जुलैमध्ये तुला नातवंड होणार आहे.

लग्न केल्याशिवाय दारात येऊ नकोस, हे तुझं नितीशला बोलणं मला पाठ आहे. तिथे मूल आधी, लग्न जमलं तर मग. मला हे पटत नाही, आणि त्यांच्या घरी बसून मी ते तोंडावर सांगितलं. मेटेने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अशा वेळी तुमच्याकडे मुलाची आई काय करते?" नितीश खिडकीबाहेर बघायला लागला.

मग मला बसवेना. ओटीच्या सामानासाठी नितीशला तिथल्या तमिळ दुकानात पिटाळलं. पठ्ठ्याने नारळ आणला तो शेंडी काढलेला! गळ्यात काळा मणी नाही, पदर नाही; तिने स्वेटर पुढे धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी बिनलग्नाच्या बाईची ओटी भरली. थोडे तांदूळ परत द्यायचे असतात, हे तिला नितीशने सांगितलं. तुझ्याकडून शिकला असणार.

ओटी मी तुझ्या नावाने भरली, तुला न विचारता. तुला कळलं पाहिजे म्हणून हे पत्र. मेटेला दिलं: तांदूळ, नारळ, खणाऐवजी माझा नवा रेशमी रुमाल. तिने परत दिले: मूठभर तांदूळ, नितीशच्या आईसाठी. ते ऑकलंड विमानतळावर धान्य आणलंय असं मी फॉर्मवर खरं लिहिलं म्हणून काढून घेतले. सोबत मेटेचा फोन नंबर आहे. तो कुणी काढून घेतला नाही.

तुझीच, रागावलीस तरी,
वसुंधरा