शेंगदाण्यांच्या पेटीची कडी

वरंध, मंगळवार, दिवेलागण

हात तीनदा धुतले, मग ही वही उघडली. माकडांची अक्कल तपासायला शेंगदाण्यांच्या पेटीला मी महाडच्या बाजारातली कडी लावली. लांडी माकडीण आठवड्यात ती उघडायला शिकली आणि मी मूर्ख टाळ्या पिटत बसले! तसलीच कडी इथे घरोघरी दारांना असते, एवढंही दिसलं नाही मला?

आज लांडीने घरमालक दादांच्या स्वयंपाकघराची कडी काढली. दादांनी मुसळाने तिचं डोकं फोडलं, पडल्यावरही हाणत राहिले. मग धापा टाकत मला म्हणाले, "म्याडम, आजवर हिनं कदी कडी नाय काढली. कुनी शिकवलं असंल?"

"माहीत नाही," म्हणाले मी.

पेटीपाशी अख्खी टोळी लांडीची बोटं न्याहाळत बसायची. काल आणखी दोघींनी पेटीची कडी काढली. एकीच्या पोटाशी पिल्लू होतं.