पाचव्या भागातला इंदूचा डाव

४ जानेवारी, शनिवार

फिजिओवाली तन्वी येऊन गेली. व्यायाम झाला. इंदूचा उजवा हात उशीवर ठेवला की ठेवल्या जागी. डावा शाबूत आहे, पण ती तो वापरत नाही. चमचा दिला तर नुसता धरून बसते. भरवायचं मीच.

अंगावरून वारं गेलं त्याला आज अकरा आठवडे. बोलणं गेलं, एक शब्द तेवढा राहिला. "बरा." पाणी देऊ? बरा. दुखतंय? बरा. शेजारची म्हैस व्याली म्हणून सांगितलं, तरी बरा. डॉ. म्हणतात, कळतं तिला सगळं. कळत असेल.

मला विचारतात, कसे आहात. काय सांगायचं. पेज, गोळ्या, चादर, परत पेज. रडूबिडू येत नाही. हात आपोआप चालतात.

आज एक झालं. तन्वीची नजर टीव्हीखालच्या फळीवर गेली. "काकानू, ह्यां काय आसा?" म्हटलं, जपानी व्हिडीओ गेम, काकीचा. मला वाटलं हसेल. हसली नाही. वळून इंदूला म्हणाली, "काकी, डाव्या हातान खेळतल्यास?"

इं. ने मान हलवली. हो अशी. तोंडाने काही नाही, नुसती मान.

बुधवारपासून सुरू करायचं ठरलं. तन्वी सावंतवाडीच्या गाडीला धावत गेली.

५ जानेवारी, रविवार

गेम पुसून ठेवला. कॅसेटी पाच. या खेळाचे भाग जपानात अजून निघतायत म्हणे, आमची लेक वर्षा सांगते पुण्याहून. आमच्याकडे दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत. इं. चा जीव पाचव्यावर.

गावातला इसाकभाई जहाजावर नोकरीला होता तेव्हाची गोष्ट. बंद पडलेलं मशीन त्याने माझ्या दुकानी आणून टाकलं. "चललो तर तुमीच ठेवा, माझ्या घरात कोणाक कळना नाय." मी चालू केलं. आपल्याकडच्या टीव्हीवर काळंपांढरं दिसायचं, आतला क्रिस्टल बदलला तेव्हा रंग आला. वर्षा तेव्हा दहावीला. ती दोन दिवस खेळली आणि कंटाळली. अक्षर जपानी, कोणाला काय कळणार.

इंदूला कळलं. कसं ते मी बघितलंय. प्रत्येक चिन्ह दाबून बघायची, काय होतं ते वहीत लिहायची. चौथी शिकलेली बाई. चिन्हाचं चित्र आणि पुढे अर्थ. "ह्यां पेटीसारख्या आसा तां औषद." "दोन काठये म्हणजे पळ." "जांभळ्या टोपयेवालो फटयता, तेच्याशी बोला नको." अख्खी दोनशे पानी वही.

चार माणसं घेऊन गावोगाव फिरायचं, भुतं मारायची, खानावळीत झोपायचं, देवळासारख्या जागी जाऊन खेळ जपून ठेवायचा. शेवटी काळ्या किल्ल्यात मोठा राकस. त्याच्या दारापर्यंत ती किती वर्षांपूर्वी पोचली. आत गेली नाही. दारातून मागे फिरायची, सगळ्या गावांना भेटून यायची. मी म्हटलं, मार ना त्याला एकदाचा. तर म्हणते, "संपवलंय तर मगे करूचा काय?"

तिची चारही माणसं नव्व्याण्णवाव्या पायरीवर. त्याच्यावर पायरीच नाही.

मशीन लावून बघितलं. डाव आहे. पण खेळ जपणारा सेल कॅसेटच्या पोटात असतो, तो त्या काळचाच. मीटर लावला, उतरत आलाय. बुधवारच्या आत बदलायला हवा.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी इं. ला पेज देऊन दुकानात बसलो. घराचीच पुढची खोली, हाक ऐकू येते. हाक येत नाही ती गोष्ट वेगळी.

सेल काढला की जपलेलं सगळं पुसतं. म्हणून काढायच्या आधी बाहेरून दुसरी वीज जोडून ठेवायची, मग जुना काढायचा, नव्याला कथलाचा डाग देऊन जोडायचा. दहा मिनिटांचं काम. दोन पेन्सिल सेल जोडून करायचं हे मीच पोरांना शिकवलंय. पेन्सिल सेल होते ते इं. च्या रक्तदाबाच्या यंत्रात घातलेले. कोण उठून काढणार. टेबलावरचा सप्लाय जोडला, घरच्या लाईटवरचा. जुना सेल काढला. नवा ठेवला, डाग द्यायची गन उचलली.

आणि लाईट गेली.

दुपारी कळलं, वरची तारीख चुकली. आज सात. मंगळवार. दर मंगळवारी दहाला लाईट जाते आणि चारला येते, लाईनची कामं असतात. चाळीस वर्षं मंगळवारी सकाळी मी टेबलावर काही उघडलं नाही. आज सोमवार धरून चाललो होतो. काल कुठे गेला माझा.

चारला लाईट आली. कॅसेट लावली. तीन घरं असतात डाव जपायची. तिन्ही रिकामी.

बसून राहिलो. काही वाटलं नाही. मग उठून इं. ची कूस बदलली.

८ जानेवारी, बुधवार

तन्वी यायच्या आधी टीव्हीचा फ्यूज काढून खिशात टाकला. ती आली, बटण दाबलं, काही नाही. मी म्हटलं, बिघडलाय वाटतं.

"गावभरचे टीव्ही दुरुस्त करणारो, आणि घरचो बंद," ती म्हणाली. "मगे काकी, धरा तेंका कानाक."

इं. माझ्याकडे बघत होती. बरा, म्हणाली.

१० जानेवारी, शुक्रवार

मशीन दुकानात आणलंय. इं. ला सांगितलं, त्यातपण थोडं काम निघालं. दुपारी ती झोपते तेव्हा दुकानातल्या टीव्हीवर लावतो. तिथपर्यंत परत पोचायचं, असं डोक्यात घेतलंय. वही मांडीवर.

इतकी वर्षं मी बाजूला बसून पेपर वाचला. एकदा हातात त्या खेळाचा रिमोट घेतला नाही. पहिल्याच गावाबाहेर जेलीसारखं भूत आलं आणि त्याने मला मारलं. वहीत बघितलं, पहिल्या पानावर: "आदी गावात सगळ्यांशी बोला. घाय करू नको."

१२ जानेवारी, रविवार

वर्षाचा फोन. पुण्यात थंडी आहे. "बाबा, आई काय म्हणते?" बरं म्हणते, म्हटलं. खोटं तर नाही.

तिला तन्वीने गेमचं सांगितलंय. खूश झाली. "तो पाचवा भाग आता मोबाईलवर आलाय बाबा, इंग्रजीतून. घालून पाठवू?" नको म्हटलं. इं. ला इंग्रजी येत नाही. जपानी येतं, एवढं पुढे म्हणालो नाही.

सांगणार होतो तिला. तोंडाशी आलं होतं. मग ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून बरंय, नाहीतर ते जुनं मशीन कोण चालू ठेवणार." मी अवकाळी पाऊस नसल्याचं, काजूला मोहर चांगला आल्याचं सांगितलं.

१५ जानेवारी, बुधवार

तन्वी: "काकानू, आठवडो झालो. तुमच्यान होवचा नाय तर सांगा, माझ्या भावाक बोलावतंय. तो इन्सुलीत मोबाईल दुरुस्त करता."

"मोबाईल दुरुस्त करणारो टीव्हीत हात घालतलो?"

"तुमी घालतास आणि काय होता तां दिसताच आसा."

इंदूच्या तोंडाची डावी बाजू जरा वर गेली असं मला वाटलं. नक्की सांगता येत नाही.

पार्ट हवाय म्हटलं. कुडाळहून मागवलाय म्हटलं. एकाला दुसरं जोडावं लागतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

नववी पायरी. हिशेब मांडला, असाच रोज दोन तास बसलो तर तिच्या जागी पोचायला चार-पाच वर्षं. तेही मधे मेलो नाही तर. खेळात म्हणतोय.

जांभळ्या टोपीवाल्याशी बोललो. वहीत नको लिहिलंय हे नंतर आठवलं. त्याने माझी तलवार नेली.

वहीत एका पानावर चिन्ह नाही, चित्र नाही. नुसतं लिहिलंय, "राणयेच्या गावात तळ्याकडे उभ्या रवला तर गाणा वाजता. काय करूचा नाय, नुसता ऐकूचा." गेलो तळ्यावर. उभा राहिलो. वाजतं खरं. हेच गाणं घरात वर्षानुवर्षं संध्याकाळी वाजायचं, मी आवाज कमी कर म्हणायचो.

१८ जानेवारी, शनिवार

तन्वी आज दारात थांबून माझ्याशीच बोलली, आत ऐकू जाणार नाही इतकं हळू. "काकानू, हे पयले म्हयने हातातसून गेले तर मगे फार काय करूक येवचा नाय. तेंका कशाची तरी ओढ लागाक होयी. माझ्या व्यायामाची ओढ लागना नाय, माका म्हायत आसा. त्या खेळाक त्यांनी होय म्हटल्यानी. दोन आठवडे झाले. तेंका वाटतला तुमकाच नको आसा."

तिने चपला घातल्या.

आत गेलो तर इं. चं तोंड टीव्हीकडे. बंद टीव्हीकडे. चहा भरवला. अर्धा बाहेर आला.

१९ जानेवारी, रविवार

तीन वेळा तिच्याजवळ बसलो, तीन वेळा उठलो. एकदा गोळीचं निमित्त, एकदा दार वाजलं म्हणून. दार वाजलं नव्हतं.

एक विचार आला तोही लिहून ठेवतो. माझाच नवव्या पायरीचा डाव लावून द्यायचा आणि म्हणायचं, हाच तुझा. वारं गेल्यावर माणसाला सगळं आठवत नाही, असं डॉ. म्हणाले होते. हा विचार माझ्या डोक्यात जवळजवळ अर्धा तास राहिला.

२० जानेवारी, सोमवार (कॅलेंडर बघून लिहिलं)

दुपारी भात भरवताना वाकलो आणि शर्टाच्या खिशातून फ्यूज पडला. चादरीवर, तिच्या पोटाजवळ. बारा दिवस खिशातच होता, शर्ट बदलला तरी मी तो ह्या खिशातून त्या खिशात टाकत होतो. कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

इं. ने बघितलं. डावा हात उचलला. कोणी न सांगता, पहिल्यांदा. काचेची एवढीशी नळी, दोन वेळा निसटली. तिसऱ्यांदा बोटात धरली, उजेडाकडे केली. आतली तार शाबूत आहे का बघतात तसं. तीस वर्षं दुकानात माझ्याशेजारी बसलेली बाई.

तार शाबूत होती. तिने फ्यूज माझ्या हातावर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी भाताचं ताट उचलून मोरीत नेलं. भांडी घासली. घासलेली परत घासली.

२१ जानेवारी, मंगळवार

दहाला लाईट गेली. पंखा थांबला. तिच्या खाटेवर बसलो आणि सांगितलं. काही न लपवता. सेल, सप्लाय, वार चुकला, तिन्ही घरं रिकामी. टीव्ही बिघडला नाही हेही. माझ्या नवव्या पायरीचंही सांगितलं. परवा आलेल्या विचाराचंही.

"तुझी चारही गेली गो. माझ्या हातान."

बरा म्हणाली नाही. मी वाट बघितली. नाहीच म्हणाली.

मग डाव्या हाताने मला ढकललं. जोर होता. मी खाटेवरून उठलो. तिने तोंड भिंतीकडे केलं.

जेवली नाही. चमचा तोंडाशी नेला तर हात मारून सांडला. संध्याकाळी परत तसंच. चादर दोनदा बदलली. माझ्या मनगटावर तिचं नख लागलंय, तिथे चुरचुरतं. लिहिताना लक्ष तिथेच जातंय.

२२ जानेवारी, बुधवार

तन्वी आली. तिलाही सांगितलं. मग, "काकानू, तुमका काय बोलू मी." आणि आत गेली.

फ्यूज घातला. मशीन जाग्यावर आणलं. लावायच्या आधी माझा नवव्या पायरीचा डाव पुसून टाकला. तिच्या घरात माझी माणसं नकोत.

इं. ला उशा लावून बसवली. रिमोट डाव्या हाताखाली. गाणं सुरू झालं तसं तिने डोळे मिटले. तन्वी म्हणाली, "काकी, बंद करू?" मी बटणाकडे हात नेला तर इं. ने माझ्याकडे बघितलं. हात मागे घेतला.

पडदा पहिल्या पानावर थांबलाय. अक्षरांचा तक्ता, वर चार रिकामे चौकोन. नवीन डावाआधी आपल्या माणसाचं नाव विचारतो. मागच्या वेळी तिने काय घातलं होतं मला माहीत नाही. वहीत नाही. मी कधी विचारलं नाही. आज विचारलं तर ती सांगू शकत नाही.

तन्वी तासभर थांबली. तिची गाडी चुकली. जाताना मला म्हणाली, "घाय करू नकात हां तेंका."

२३ जानेवारी, गुरुवार

रात्रभर टीव्ही चालू ठेवला. मशीन गरम झालंय, खाली दोन लाकडी पट्ट्या सारल्या, वारा लागावा म्हणून.

सकाळी पेज घेऊन गेलो. चमच्याला हात मारला नाही. तीन चमचे घेतले, चौथ्याला तोंड मिटलं. माझ्याकडे बघत नाही. मी असलो काय, नसलो काय.

अकराच्या सुमाराला दुकानातून टिक ऐकू आलं. मशीनचा आवाज, अक्षर निवडलं की येतो तो. उठलो नाही. बऱ्याच वेळाने परत टिक. मग अक्षर पुसल्यावर येतो तो आवाज. मग काही नाही.

आत्ता दाराशी उभा राहून बघून आलो. पहिल्या चौकोनात एक अक्षर आहे. तीन रिकामे. इं. ची बोटं रिमोटवर. झोपली नाही, विचार करतेय. मी इथे टेबलावर बसून आहे, हातात कोणाचा तरी रेडिओ, उघडलेला, आणि कान पुढच्या टिककडे.