उष्णता हाय, दुसरं काही नाही

३ नोव्हेंबर
सकाळी रक्त दिसलं. थोडंसंच. उष्णता हाय, दुसरं काही नाही. बावीस वर्षं एसटी चालवून राह्यलो, उष्णता नाही वाढणार तं काय होईल? आजपासून मिरची बंद. रोज चार लिटर पाणी. डिसिप्लिन पाहिजे.

३ नोव्हेंबर, दुपारी २
घाटंजी स्टँडवर कंडक्टर धावजीनं ठेचा-भाकर पुढं केली. माणसाचं मन मोडू नये. मिरची उद्यापासून बंद. पाणीही उद्यापासून. ड्युटीवर जास्त पिलं तं गाडी थांबवावी लागते.

७ नोव्हेंबर
संडासात पाऊण तास. मोबाईल नेलता म्हणून वेळ गेला. बाहेर येताना बायकोच्या, सुखीच्या, निळ्या टबात पाय अडकला. कपडे मशीनमध्ये धुते, मंग हा टब दोन वर्षांपासून मोरीत कायले? म्हटलं, फेकून देतो. सुखी म्हणते, टबाले हात लावायचा नाही. बायकायचं काही समजत नाही बुवा.

१० नोव्हेंबर
पुसदले डॉक्टरकडं गेलतो. तिकडं आपल्याले कोणी ओळखत नाही. सांगतलं, एका मित्राले त्रास हाय. डॉक्टर म्हणे, मोड आले असतील, मित्राले घेऊन या, तपासल्याशिवाय औषध नाही.
मोड! आता समजलं. सुखी रोज मोड आलेली मटकी खाऊ घालते. आजपासून घरात मटकी बंद. कारण सापडलं की अर्धा रोग गेला.
सुखी म्हणते, मटकीचे मोड वेगळे, मूळव्याधीचे वेगळे. मी म्हटलं, मूळव्याधीचं नाव कोणं काढलं? म्हणे, तुमचे कपडे मशीनमध्ये मीच टाकते.

१४ नोव्हेंबर
मटकी बंद करून चार दिवस. त्रास डबल. जुनी मटकी अजून आत असेल.
बाजारातल्या जडीबुटीवाल्यानं तांब्याची अंगठी देली, पायात घालाची. आतापर्यंत फक्त मोजा फाटला.
परवा आपल्या तांड्यात वर्षाच्या सोयरिकीची बैठक. एकुलती पोरगी, पोरगा तिनंच पसंत केला. म्हणे, बा, त्यायचे काका लय कडक हायेत, तुम्ही फक्त नीट बसा. तेवढंच मागतलं पोरीनं. बसणं काय मोठी गोष्ट हाय? आयुष्य बसूनच काढलं.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
सतरंजीखाली सिमेंट. दहा मिनिटं बसलो, चहा सांगायच्या निमित्तानं उठलो. बसलो, पाणी सांगाले उठलो. चौथ्यांदा उठलो तं पोराचे काका बाबूसिंग म्हणाले, पोरीचा बापच उठून राह्यला, म्हणजे त्याच्या मनात सोयरीक नाही. चला, बैठक उठली.
लोकं चपला शोधू लागले. वर्षा दारात उभी होती. तिचं तोंड पाहवत नव्हतं. लाज वाटली, स्वतःचीच.
तेव्हा सुखी पुढं आली. पदर सारखा केला अन् सगळ्या तांड्यासमोर सांगतलं, त्यायले मूळव्याध हाय, बसवत नाही. मनात काही नाही त्यायच्या.
बाबूसिंगनं घातलेली चप्पल परत काढली. मंग म्हणे, आधी सांगाचं ना इवाई. चला, उभ्यानंच बोलू. तीस माणसं उभ्यानं बोलली. सोयरीक पक्की.
तांड्याले समजलं ते समजलंच. धावजी तं म्हणे, आमाले दिवाळीपासून माहीत हाय.

१७ नोव्हेंबर
सुखीनं यवतमाळले नेलं. बाई डॉक्टर. तपासणी पाच मिनिटांची. ऑपरेशन लागत नाही. पाणी प्या, भाजीपाला खा, मोड आलेली मटकी खा, कुंथू नका, संडासात मोबाईल नको. अन् रोज टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा.
मंग डॉक्टरनं सुखीले विचारलं, ताई, तुमचा त्रास कसा हाय आता? टबात बसता ना?
परतीच्या गाडीत विचारलं, मले काहून नाही सांगतलं? म्हणे, सांगतलं होतं. वर्षा झाली तेव्हापासून सांगून राह्यली होती. तुम्ही म्हणत होते, उष्णता हाय, दुसरं काही नाही. मंग दोन वर्षांआधी एकटीच गेलती, याच बाई डॉक्टरकडं. तुमच्याच गाडीत. घाटंजीपासून उभ्यानं.
मले आठवते तो दिवस. मी म्हटलं होतं, सीट खाली हाय तं बसत काहून नाही, येडी.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
टब मागतला. सुखी म्हणे, आधी माझा नंबर.
मोरीच्या बाहेर उभा राहून लिहून राह्यलो.