तीन रंगांच्या सुताचं गणित

आप्पा, आज वर्गात तुमचं परकर-पोलक्यांचं गणित घातलं. मुलांना आवडलं. घरी येऊन सांगावं तर घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी मी सहावीत होते. मागावरून आलात की हातपाय धुऊन तुम्ही माझ्या वहीजवळ बसायचात. मागांचा आवाज कानांत राहिलेला असायचा, म्हणून मोठ्यानंच बोलायचात. "दोन पोलकी, तीन परकर. किती दिस येगळी दिसशील?" मी बोटांवर मोजून सांगते, सहा. "आन सातव्या दिशी?" "सातव्या दिवशी धुणं!" आई चुलीपुढून म्हणते, "धुणार कोण, त्ये बी इचारा की तिला."

मग शाळेत बाईंनी गणित दिलं. लाल, पांढरं, निळं सूत. दरवेळी दोन रंग घेऊन कापड विणायचं, तर किती प्रकार? तुम्ही सहा म्हणालात, मी सहा लिहिलं. बाईंनी चूक दिली. लाल-पांढरी काय आणि पांढरी-लाल काय, जोडी एकच, उत्तर तीन. मी ते घरी येऊन तुम्हाला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही कापडाचे दोन तुकडे घेऊन आलात. वकिलांची मुलगी माझ्याशेजारी अभ्यासाला बसली होती. तुम्ही तुकडे वहीवर ठेवलेत. "ह्यात उभा धागा लाल, आडवा पांढरा. त्यात उलटं. आडवा दाट बसतोय, त्येचाच रंग वर येतोय. बघ की, एकच हाय व्हय ह्ये?" मी म्हणाले, "पुस्तकात तीन आहे. तुम्ही चौथी शिकलेले, तुम्हाला काय कळतंय?" ती फिसकन हसली. तुम्ही तुकड्यांची घडी घातलीत. "बरं. तीन तर तीन."

त्यानंतर तुम्ही वहीजवळ बसला नाहीत. मी मुद्दाम मोठ्यानं गणित वाचायची. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेले. विचारलं तर "बाईस्नी इचार" एवढंच. रागावला असतात तर बरं झालं असतं. पुढे मला शाळेत नोकरी लागली तेव्हा सगळ्या गल्लीला पेढे वाटलेत, पण एकही गणित मला पुन्हा घातलं नाहीत. मीही विषय काढला नाही.

आता मी मुलांना सांगते, नुसत्या जोड्या मोजायच्या तर तीन, कापड मोजायचं तर सहा. त्यांना लगेच पटतं. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या संध्याकाळी मलाही पटलं होतं. एक तुकडा फिका होता, दुसरा चांगला लाल. मला दिसत होतं, आप्पा.