डाग पडू देत

१४ नोव्हेंबर, दुपार

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, तुझी वहिनी त्याहून जास्त. खिडकीतल्या कुंडीला कळ्या आल्यात. सकाळी अजून शाळेतल्या कविता म्हणतो; हल्ली मधलीच एखादी ओळ रुसून बसते, ती येईपर्यंत चहा गार होतो.

पाहिलंस, उत्तर सोडून सगळं सांगतोय.

तू लिहिलंस, "दादा, माझी ती कच्ची वही कुठे सापडली तर पाठव. सत्तरीला पुन्हा लिहावंसं वाटतंय, पण हात उचलत नाही. ती दिसली तर सुटेल."

मला ती चांगली आठवते. गोळ्यांचे कागद, तिकिटं चिकटवून फुगलेली, पानोपानी खाडाखोड आणि शाईचे अंगठे. तू तेरा वर्षांची. मी नुकता मास्तर झालेला, वळणदार अक्षराचा कोण तोरा! "आण इकडे, पक्क्या वहीत उतरवून देतो," म्हणालो. तू म्हणालीस, "डाग पडू देत हं दादा. मला तिथेच सुचत होतं." मी हसलो.

आणि उतरवता उतरवता सुधारत गेलो. तुझी ओळ होती, 'आमच्या नळाला पहाटे खोकला येतो.' मी केली, 'जलधारा मंजुळ गाते.' तू लिहिलंस, 'आईच्या हातांना साबणाने म्हातारं केलं.' मी 'मातेचे कोमल कर' बसवले. आईचे हात कोमल नव्हते गं. मला माहीत होतं.

शाळेच्या वार्षिक अंकात ती सुधारलेली कविता तुझ्या नावाने छापून आली. बाबांनी आल्यागेल्याला वाचून दाखवली. तू एकदा वाचलीस आणि विचारलंस, "छान आहे. कुणाची?" सगळे हसले. मीही. त्यानंतर तू लिहिलं नाहीस.

कच्ची वही घर बदलताना हरवली, असं मी सांगितलं होतं. ते खोटं. एका दुपारी दोन्ही वह्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या. तुझी जिवंत होती. मी तेव्हा स्वतःही कविता करायचो; माझ्या साऱ्या वह्यांत नळाच्या खोकल्यासारखी एक ओळ नव्हती. मी तुझी वही पान पान फाडून शेगडीत घातली. तेरा वर्षांच्या बहिणीचा हेवा केला मी.

पक्की वही अजून कपाटात आहे. एकही डाग नाही. ती पाठवत नाही. तुझ्या दोनच ओळी माझ्यापाशी उरल्यात, त्या वर लिहिल्या. या दोन कधी रुसल्या नाहीत.

तुला ठाऊकच आहे, मी पत्रसुद्धा आधी कच्चं लिहितो, मग उतरवतो. हे तीनदा उतरवायला बसलो. प्रत्येक वेळी 'खोटं' गळून तिथे 'विस्मरण' येऊन बसलं. म्हणून हाच कागद पाठवतोय, खाडाखोडीसकट. कोपऱ्यात चहा सांडलाय.

तू लिही. खोड, सांड, चिकटव. मला पाठवलंस, तर पेन दुसऱ्या खोलीत ठेवून वाचीन.

क्षमेचं एक वाक्य सुचलं होतं. फार सुबक झालं, म्हणून खोडलं. खाली दिसेल तुला.

तुझा,
दादा