वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा कारभार

१ फेब्रु.
हे आजही अकरापर्यंत झोपून. दिवाळीत बोटीवर दोर तुटून कप्पी डोक्यात बसली, आत रक्त सांडलं. पण टाके सुकूनसुद्धा तीन महिने झाले की! दाढी वाढत नाही, भर उन्हात गोधडी. बोट धाकटा दीर नासीर चालवतोय. शेवटी मी बोललेच, "मार डोक्याला लागला, हातापायांना नव्हे!" ह्यांनी गोधडी डोक्यावर ओढली. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

६ फेब्रु.
एस्टीनं रत्नागिरी. नवीन डॉ. बाई. सगळं ऐकलं, दाढीचंसुद्धा. तपासायला रक्त दिलं.

९ फेब्रु.
रिपोर्ट. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी, पिट्युटरी. मारानं तीच दुखावली. ताकद, झोप, दाढी, सगळा कारभार तिचा म्हणे! या अल्ला, एवढ्याशा जागेत! आणि मी या माणसाला आळशी... परतीच्या एस्टीत पूर्णगड येईतो खिडकीकडे तोंड करून रडले.

१२ फेब्रु.
गोळ्यांचा तिसरा दिवस. सकाळी बघते तर अंथरूण रिकामं. हे किनाऱ्यावर, फाटकं जाळं मांडीवर घेऊन शिवतायत! "म्हावरं काय आणलंस?" म्हणाले. किती दिवसांनी खाण्याचं विचारलं. मी खुळ्यासारखी बघतच राहिले.

२३ फेब्रु.
डॉ. बाईंनी बजावलेलं, दुपारची गोळी चुकवायची नाही, जिवावर बेतेल. मौलवीसाहेबही म्हणाले, आजाऱ्याला रोज्याची सूट आहे. तरी ह्यांनी मला न सांगता रोजा धरला. दुपारी उलट्या, मग शुद्धच गेली. दवाखान्यात एक इंजेक्शन, आणि तासाभरात डोळे उघडून बोलायला लागले! म्हणतात, "बोटीचा तांडेलच दिवसा पाणी पिताना दिसला तर खलाशी काय म्हणतील?" म्हटलं, काय म्हणायचं ते म्हणू देत, मला तुम्ही हवे.

२५ मार्च
ईद झाली. हे आज बोटीवर गेले. डॉ. बाई हो म्हणाल्या, पण नासीरला इंजेक्शन टोचायला शिकवूनच. मी रोज दोनला मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसवर विचारायचं, असं ठरलंय.

२६ मार्च
"गोळी?" "घेतली!" मध्येच दुसऱ्या बोटीवरून कुणीतरी, "भाभी, आम्ही पण ऐकलं हां!" सगळा दर्या हसला असेल. हसू दे.

२७ मार्च
दोन वाजले. नुसती खरखर. लांब गेले असतील, सोसायटीतले म्हणतात. असतील. वही इथंच घेऊन बसलेय. अडीच झाले. परत विचारते, गोळी?