आईची फुली

पलिओखोरी, ४ सप्टेंबर २००६

चि. दियामांदोस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं. समोरच्याचं तोंड दिसत नाही तिला, पण जेवणात मीठ कमी पडलं की पहिल्या घासाला सुनेला ऐकवते.

पत्राचं कारण वेगळं. नगरपालिकेच्या निवडणुकीत आमच्या पॅनेलमध्ये तुझं नाव घातलंय. कायद्यानं एक तृतीयांश बायका लागतात आणि आम्हाला एक कमी पडत होती. तू काही करायचं नाही. प्रचार नको, भाषण नको. सोबतच्या कागदावर सही कर आणि आपलं कॉफीचं दुकान सांभाळ. पॅनेलला मिळालेल्या जागा सर्वांत जास्त फुल्या पडलेल्या नावांना जातात, तेव्हा केरासियातल्या लोकांना फुली माझ्या नावापुढे मारायला सांग, म्हणजे झालं.

लोभ आहेच, सही पाठवलीस की वाढेल.

तुझा दादा,
अपोस्तोलिस

केरासिया, ११ सप्टेंबर

ती. अपोस्तोलिसदादास सा. न.

मी उभी आहे हे मला तुझ्या पत्राआधी पोस्टमननं सांगितलं. दुकानातले म्हातारे मला ‘कुंडी’ म्हणायला लागलेत, शोभेसाठी दारात ठेवलेली. मी हसून घेतलं, पण तुझा भयंकर राग आला. विचारायची काही रीत असते की नाही?

तरी सही केली आहे. ईस्टरपासून इथला दवाखाना बंद आहे. इथली पानायोता बाळंतपणाला निघाली ती दगडांच्या ट्रकमध्येच मोकळी झाली. नगरपालिकेत हे बोलायला वरच्या गावांतलं कोणी नाही. तेव्हा मी घरोघर जाणार, आणि माझ्यासाठी मत मागणार. माणशी फुली एकच, म्हणून तुझी तू घे. वहिनीची आणि पोरांचीही घे. आईची मात्र मला हवी. तिला विचार, ती नाही म्हणायची नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ असावा, आणि थोडी लाजही.

दियामांदो

पलिओखोरी, १७ ऑक्टोबर

चि. दियामांदोस आशीर्वाद.

अभिनंदन करू की कपाळ बडवू, कळत नाही. पॅनेलला चार जागा मिळाल्या. चौथी तुला. पाचवा मी, तीन मतांनी. बावीस वर्षं पक्षाचे झेंडे मी नाचवले आणि आता चौकात लोक मला कुंडीचा भाऊ म्हणतात.

शहाणपणानं घे. राजीनाम्याचा कागद सोबत आहे. तू सही केलीस की नियमानं जागा माझ्याकडे येते. दवाखान्याचं मी बघतो. मी शब्दाचा पक्का आहे. आईची फुली तुलाच पडली. सगळे उमेदवार मतपत्रिका आधीच घरोघर वाटतात, तशी एक मी घरीच खूण करून पेटीत टाकायला तिच्या हातात दिली. ती गल्लीभर सांगत सुटली आहे की पोरीला मी निवडून आणलं.

उलट टपाली सही पाठव. लोभ आहेच.

अपोस्तोलिस

केरासिया, २१ ऑक्टोबर

दादा,

आज मायना लिहीत नाही. राग येईल तुला, येऊ दे.

तुझं पत्र वाचून मी सही करायला बसले होते. वाटलं, बावीस वर्षं घातलीस तू. दवाखाना उघडल्याशी मतलब, खुर्चीत कोणी का बसेना. तेवढ्यात मागवलेला केंद्रवार निकाल आला. तुमची शाळा, खोली सात, जिथे आई मत देते. अपोस्तोलिस एकसष्ट. दियामांदो शून्य.

तीनदा बोट ठेवून वाचलं.

मतदारांना फसवलं असतंस तर शिव्या घालून गप्प बसले असते. पण डोळ्यांनी अधू आईनं माझं नाव घेऊन हात पुढे केला, आणि तू त्यात तुझी फुली ठेवलीस. वर मला लिहितोस की शब्दाचा पक्का आहे. एवढं करूनही तीन मतांनी पडलास, हे एक बरं झालं.

तुझा कागद चुलीत घातला. शपथ मीच घेणार आणि दवाखान्याचा प्रश्नही मीच विचारणार.

सकाळी आईचा फोन आला. म्हणाली, “डोळे गेले, पण फुली बरोबर पडली बघ.” मी हो म्हणाले. मी तिला सांगणार नाही. शपथविधीला ती तुझाच हात धरून येईल, आणि घरापासून पालिकेच्या पायऱ्यांपर्यंत भेटेल त्याला हेच सांगेल. तिचा हात न सोडता ऐकत ये.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, तिच्यावर असू दे.

दियामांदो